पाच अँग्स्ट्रॉमच्या आतलं सगळं: बार्नेज–बार्स्टार संपर्क-यादीचं एक प्रकरण

एका संशोधक विद्यार्थ्याने मला एक तक्ता पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: "मॅडम, पद्धत चालते आहे असं वाटतं, एकदा नजर टाकाल का?" दोन प्रथिनं एकमेकांना जिथे चिकटतात तिथले संपर्क, म्हणजे पाच अँग्स्ट्रॉमच्या आत आलेल्या अणूंच्या जोड्या, त्याने रेसिड्यूनुसार (साखळीतल्या एकेका अमिनो आम्लानुसार) मोजले होते. एक अँग्स्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. ज्याचे संपर्क जास्त, तो वर. स्क्रिप्ट कुठे अडली नव्हती, बेरजाही बरोबर होत्या. तरीही ज्या कामासाठी तो तक्ता केला होता, त्या कामाला तो उपयोगी पडणार नव्हता. का, आणि मग आम्ही काय केलं, ते इथे सगळं लिहिते आहे. या कामात नव्याने पडलेली बहुतेक मंडळी याच जागी थांबतात, आणि तिथे त्यांना कोणी टोकत नाही, कारण आकडे दिसायला व्यवस्थित असतात.

त्याचं खरं काम वेगळं होतं. त्याच्याकडे स्वतःची एक प्रथिन-जोडी आहे. तिची रचना हाती आहे, पण पकड किती घट्ट याची मोजमापं नाहीत. कुठल्या पाच-सहा जागी अमिनो आम्ल बदललं तर पकड किती सैल होईल, याचा अंदाज त्याला रचनेवरून बांधायचा होता. थेट तिथे उडी न मारता त्याने आधी उत्तर ठाऊक असलेली एक जोडी घेतली आणि आपली पद्धत तिच्यावर चालवून पाहिली. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुढचं जे काही निस्तरता आलं, ते याच एका निर्णयामुळे.

ती जोडी म्हणजे बार्नेज आणि बार्स्टार. बार्नेज हे बॅसिलस अ‍ॅमायलोलिक्वेफेशिअन्स या जिवाणूचं आरएनए तोडणारं विकर, ११० अमिनो आम्लांचं. जिवाणू ते पेशीबाहेर सोडतो. आत मोकळं राहिलं तर त्याचाच आरएनए तुटेल, म्हणून तो ८९ अमिनो आम्लांचं बार्स्टारही बनवतो. बार्स्टार बार्नेजच्या क्रियास्थानात बूच मारल्यासारखं बसतं. ही पकड निसर्गातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक आहे: विघटन स्थिरांक (जितका लहान तितकी पकड घट्ट) दहाचा उणे चौदावा घात मोलर, ऊर्जेत सांगायचं तर मोलमागे सुमारे १९ किलोकॅलरी. जुळलेल्या जोड्यांपैकी निम्म्या सुटायला साधारण एक दिवस लागतो. १९९४ साली अ‍ॅलन फर्श्ट यांच्या गटाने तिची २.० अँग्स्ट्रॉम रेझोल्यूशनची (रचना किती बारकाईने दिसते त्याचं हे माप) स्फटिक-रचना प्रसिद्ध केली. प्रोटीन डेटा बँकेत ती १बीआरएस या क्रमांकाने आहे. त्याच गटाने समोरासमोरची अमिनो आम्लं एकेक करून आणि जोडीजोडीने बदलून पकड किती सैल होते तेही मोजलं. रचनाही आहे आणि मोजमापंही आहेत, म्हणून तालमीला याहून चांगलं उदाहरण सहज मिळत नाही.

फाइलमध्ये तीन जोड्या होत्या

पहिली अडचण रसायनाची नव्हतीच. १बीआरएसमध्ये सहा साखळ्या आहेत: ए, बी, सी ही बार्नेजची तीन प्रतिरूपं आणि डी, ई, एफ ही बार्स्टारची. खरी जोडी ए–डी, बी–ई आणि सी–एफ. स्फटिकाच्या असममित एककात, म्हणजे ज्याची पुनरावृत्ती होऊन सगळा स्फटिक बनतो त्या तुकड्यात, तीन संकुलं शेजारीशेजारी बसलेली आहेत.

त्याची स्क्रिप्ट प्रत्येक साखळी उरलेल्या प्रत्येक साखळीशी ताडून पाहत होती. सहा साखळ्यांच्या जोड्या होतात पंधरा. त्यातल्या तीनच जैविक अर्थाच्या. बाकीच्या बारांतून जे काही संपर्क निघाले ते स्फटिकातल्या दाटीवाटीचे, पेशीत कधीच न घडणारे. त्यावर भर म्हणजे मोजणी साठवताना त्याने फक्त रेसिड्यूचा क्रमांक घेतला होता, साखळीचं अक्षर नव्हे. त्यामुळे बार्नेजमधलं ५९ आणि बार्स्टारमधलं ५९ एकाच ओळीत मिसळले होते.

साखळीचं अक्षर जोडणं हे एका मिनिटाचं काम. पण तीन प्रतींचं काय करायचं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्याने लगेच सुचवलं, "ए आणि डी ठेवतो, बाकी काढून टाकतो." बहुतेक जण हेच करतात. मला ते पटत नाही. त्या तीन प्रती म्हणजे एकाच जोडणीची तीन वेगवेगळी छायाचित्रं आहेत. प्रत्येकीचे शेजारी वेगळे, त्यामुळे कडेच्या लांब साइड चेन (अमिनो आम्लांच्या मुख्य साखळीतून बाजूला निघालेल्या शाखा) प्रत्येकीत थोड्या वेगळ्या वळलेल्या असतात. जो संपर्क तिन्हींत दिसतो त्यावर विसंबता येतं. जो एकाच प्रतीत दिसतो, तो बहुधा त्या प्रतीच्या शेजाऱ्याने घडवलेला असतो. एका फाइलमध्ये पुनरावृत्ती फुकट मिळत असताना ती फेकून का द्यायची? म्हणून ठरलं: तिन्ही जोड्या स्वतंत्र मोजायच्या आणि 'तीनपैकी किती' हा रकाना तक्त्यात ठेवायचा.

याची उलटी परिस्थितीही असते, ती त्याच्या स्वतःच्या जोडीसाठी सांगून ठेवली. काही फाइलींमध्ये असममित एककात अर्धीच जोडी असते आणि दुसरा अर्धा भाग सममितीने तयार करावा लागतो. जुन्या स्वरूपाच्या फाइलीत रिमार्क ३५० मध्ये जैविक संकुल कसं जुळवायचं ते लिहिलेलं असतं. ते न वाचता संपर्क मोजले तर खरी जोडणी सापडतच नाही, आणि कुठे काही चुकलं अशी सूचनाही येत नाही.

फाइलच्या मथळ्यात आणखी एक गोष्ट होती. या रचनेतलं बार्स्टार नैसर्गिक नाही. त्यातली सिस्टिन ४० आणि सिस्टिन ८२ मुद्दाम अ‍ॅलनिन केलेली आहेत. तक्त्यात 'अ‍ॅलनिन ४०' आलं तर ते निसर्गाने तिथे ठेवलेलं नाही, प्रयोगशाळेने ठेवलं आहे. मथळा वाचायला दोन मिनिटं लागतात. त्यातच रिमार्क ४६५ मध्ये न दिसलेली रेसिड्यू आणि रिमार्क ४७० मध्ये न दिसलेले अणू लिहिलेले असतात. ज्या लायसिनचं टोक स्फटिकात दिसलंच नाही, त्याचे संपर्क शून्य निघणार. पण ते शून्य म्हणजे 'संपर्क नाही' नव्हे.

क्रमांकांचाही घोळ होऊ शकतो. क्रम-भांडारात बार्नेज १५७ अमिनो आम्लांचं पूर्वरूप म्हणून नोंदलेलं आहे. त्याचा सुरुवातीचा ४७ चा भाग कापला जातो आणि उरतं ते ११०. म्हणून रचनेतलं हिस्टिडिन १०२ तिथे १४९ असतं. इतर जिवाणूंमधल्या क्रमांशी ताडून पाहायचं असेल तर हा ४७ चा फरक आधी लावावा लागतो.

पाच अँग्स्ट्रॉम कुठून आले?

"कटऑफ पाच का घेतलास?" मी विचारलं. कटऑफ म्हणजे ज्याच्या आतलं अंतर संपर्क धरायचं ती मर्यादा. त्याने दोन-तीन ठिकाणी तसंच पाहिलं होतं. हे उत्तर प्रामाणिक होतं, पण इथेच थांबून नीट विचार करायला हवा. संपर्क ही फाइलमध्ये लिहिलेली गोष्ट नाही. फाइलमध्ये फक्त अणूंचे निर्देशांक असतात. संपर्क आपण ठरवतो, आणि कुठला आकडा घ्यायचा ते आपण काय विचारतो आहोत यावर अवलंबून असतं.

दोन कार्बन अणू एकमेकांना टेकतात तेव्हा त्यांच्या केंद्रांमधलं अंतर सुमारे ३.४ अँग्स्ट्रॉम असतं, कारण कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या १.७ धरली जाते. क्ष-किरण रचनेत या रेझोल्यूशनला हायड्रोजन दिसत नाहीत आणि अणूंच्या जागांमध्ये दोन-तीन दशांश अँग्स्ट्रॉमचा फरक सहज असू शकतो. म्हणून थोडी ढील देऊन चार किंवा साडेचार घेतात. मधे पाण्याचा एक रेणू मावायचा असेल तर? पाण्याची रुंदी धरू २.८. मग कार्बन–पाणी–कार्बन असं सरळ रेषेत मोजलं तर १.७ अधिक २.८ अधिक १.७, म्हणजे ६.२. साडेचारच्या आत असलेल्या दोन कार्बनमध्ये पाणी शिरू शकत नाही, हे यावरून निश्चित होतं. इथे तो आकडा भौतिक अर्थाचा आहे, रिवाजाचा नाही.

ध्रुवीय अणूंची गोष्ट वेगळी. नायट्रोजन आणि ऑक्सिजन हायड्रोजन बंधाने जोडलेले असतील तर त्यांच्यातलं अंतर साधारण २.८ ते ३.२ असतं, ३.५ पर्यंत चालवून घेतात. आता त्या दोघांच्या मधे पाण्याचा रेणू बसून दोघांशी हायड्रोजन बंध करत असेल आणि पाण्यापाशी कोन सुमारे ११० अंशांचा असेल, तर त्या दोघांमधलं अंतर येतं साडेचारच्या थोडं वर. म्हणजे पाच अँग्स्ट्रॉमच्या कटऑफने पाण्यातून जोडलेल्या जोड्यासुद्धा थेट संपर्क म्हणून मोजल्या जातात. त्याच्या यादीत नेमकं हेच होत होतं.

मग त्याने विचारलं की बीटा कार्बनमधलं (साइड चेनच्या पहिल्या कार्बनमधलं) आठ अँग्स्ट्रॉम अंतर का घेऊ नये, रचनेचा अंदाज करणाऱ्यांच्या कॅस्प स्पर्धेत तर तेच घेतात. घेतात, कारण तिथला प्रश्न वेगळा आहे. साखळीतल्या दोन जागा घडीमध्ये जवळ येतात का, एवढंच तिथे विचारायचं असतं. तिथे साइड चेनचं टोक कुठे वळलं याची फिकीर नसते, किंबहुना ते ठाऊकही नसतं. पण आपल्या जोडणीत आर्जिनिनं आहेत. ताणलेल्या आर्जिनिनची साइड चेन लांब असते. तिच्या टोकाशी अ‍ॅस्पार्टेटचा कार्बोक्सिलेट, म्हणजे त्याचं ऋण भाराचं टोक, अगदी नीट जुळलेला असला, तरी दोघांचे बीटा कार्बन दहा अँग्स्ट्रॉमवर असू शकतात. आठचा कटऑफ लावला तर सर्वांत महत्त्वाचे सॉल्ट ब्रिज (विरुद्ध भारांच्या टोकांच्या अशा जवळच्या जोड्या) यादीबाहेर जाण्याचा धोका. शिवाय ग्लायसिनला बीटा कार्बनच नसतो. तिथे अल्फा कार्बन घ्यायचा हे स्क्रिप्टमध्ये लिहिलं नाही, तर ग्लायसिनं चुपचाप गळून जातात.

शेवटी आम्ही एकच कटऑफ घेतलाच नाही. कार्बन–कार्बनसाठी ४.५, हायड्रोजन बंधासाठी ३.५, सॉल्ट ब्रिजसाठी ऑक्सिजन–नायट्रोजनमध्ये ४.० असे वेगळे आकडे ठेवले, आणि प्रत्येक आकडा अर्धा अँग्स्ट्रॉम खाली-वर करून तक्ता पुन्हा काढला. थोड्या बदलाने जे संपर्क येत-जात होते त्यांच्यापुढे खूण केली. ४.४९ आत आणि ४.५१ बाहेर, असा निवाडा करण्याइतकी बारीक नजर या रचनेला नाही.

हिस्टिडिन, अ‍ॅस्पॅराजिन आणि ग्लूटामिन यांच्याबद्दल एवढंच: या रेझोल्यूशनला साइड चेनच्या टोकाचा नायट्रोजन की ऑक्सिजन, किंवा कड्यातला नायट्रोजन की कार्बन, हे इलेक्ट्रॉन-घनतेवरून वेगळं ओळखू येत नाही. टोक १८० अंशांनी उलटं बसवलेलं असू शकतं. हायड्रोजन जोडणारी साधनं भोवतालच्या बंधांकडे पाहून ते सरळ करतात. संपर्कांचा प्रकार ठरवण्याआधी ती चालवायची.

सारखे दिसणारे दोन संपर्क

आता खरा मुद्दा. फाइल स्वच्छ झाली, व्याख्या ठरल्या, तक्ता नव्याने आला. त्यात संपर्कांची संख्या आणि प्रत्यक्ष मोजलेली घट शेजारीशेजारी लावली. बार्स्टारमधली दोन आम्लधर्मी रेसिड्यू मी त्याला वेगळी काढायला सांगितली: ग्लूटामेट ७६ आणि अ‍ॅस्पार्टेट ३९.

दोघांवर ऋण भार. दोघंही जोडणीत. दोघांच्याही समोर बार्नेजचं आर्जिनिन. ग्लूटामेट ७६ चा सॉल्ट ब्रिज आर्जिनिन ५९ शी, अ‍ॅस्पार्टेट ३९ चे आर्जिनिन ८३ आणि ८७ शी. यादीत दोघंही 'सॉल्ट ब्रिज' याच शीर्षकाखाली येतात, आणि संख्या मोजली तर फरक असून असून काही पटींचा.

ग्लूटामेट ७६ च्या जागी अ‍ॅलनिन ठेवलं तर पकड सुमारे १.४ किलोकॅलरीने सैल होते. अ‍ॅस्पार्टेट ३९ च्या जागी अ‍ॅलनिन ठेवलं तर सुमारे ७.७ ने. २५ अंश सेल्सिअसला दर १.३६ किलोकॅलरीमागे विघटन स्थिरांक दहापट बदलतो. म्हणजे पहिल्या बदलाने पकड साधारण दहापट सैल होते आणि दुसऱ्याने चार लाख पटींहून जास्त. तो आकडा त्याने दोनदा करून पाहिला.

हा फरक संख्येत का दिसत नाही? अ‍ॅस्पार्टेटच्या साइड चेनमध्ये हायड्रोजन सोडून चारच अणू असतात, टायरोसिनच्या साइड चेनमध्ये आठ, ट्रिप्टोफॅनच्या दहा. अणूंच्या जोड्या मोजल्या की मोठी रेसिड्यू आपोआप वर सरकतात. मोजणी आकाराकडे झुकते. टायरोसिन २९ चं उदाहरण यात बोलकं आहे. त्याचं कडं बार्नेजच्या हिस्टिडिन १०२ वर टेकून बसतं. तिथे अ‍ॅलनिन ठेवलं तर तीन किलोकॅलरींहून जास्त जातात, पण फिनिलअ‍ॅलनिन ठेवलं तर पकड जवळजवळ तशीच राहते. म्हणजे हायड्रॉक्सिलचे सगळे संपर्क यादीत मोजले गेले, पण पकडीत त्यांचा वाटा जवळपास नाही. काम कड्याचं आहे.

अ‍ॅस्पार्टेट ३९ कुठे बसतं ते पाहिल्यावर बाकीचं उलगडतं. बार्नेजच्या क्रियास्थानात आरएनएचा फॉस्फेट जिथे यायचा, नेमकी तीच जागा बार्स्टारचा हा कार्बोक्सिलेट घेतो. तिथे बार्नेजने फॉस्फेटला धरण्यासाठी आर्जिनिन ८३, आर्जिनिन ८७, लायसिन २७ आणि हिस्टिडिन १०२ एकत्र आणून ठेवलेली आहेत. धन भारांची अशी दाटी एकट्याने फार महागात पडते. तिच्या मध्ये नेमका एक ऋण भार येऊन बसतो आणि तोही पाण्यापासून दूर, आत. ग्लूटामेट ७६ मात्र कडेला आहे. त्याच्याभोवती पाणी आहे. सॉल्ट ब्रिज तुटला तरी ती जागा पाणी घेतं. त्याच आर्जिनिन ५९ ला पलीकडून बार्स्टारचं अ‍ॅस्पार्टेट ३५ धरतं, आणि ते काढलं तर सुमारे साडेचार किलोकॅलरी जातात.

यादी प्रत्येक जोडी सुटी दाखवते. पकड मात्र जाळ्याची आहे. हे अंदाजाने म्हणायची गरज नाही, कारण ते मोजलेलं आहे. दुहेरी उत्परिवर्तन चक्र नावाची पद्धत १९८४ पासून वापरात आहे. एका बाजूचं रेसिड्यू बदला, दुसऱ्या बाजूचं बदला, मग दोन्ही एकदम बदला. दोन सुट्या बदलांची बेरीज आणि दुहेरी बदलाची प्रत्यक्ष घट यात जो फरक पडतो, ती त्या दोघांमधली जोड-ऊर्जा. अ‍ॅस्पार्टेट ३९ काढलं तर ७.७, आर्जिनिन ८७ काढलं तर सुमारे साडेपाच. बेरीज तेराच्या वर. दोन्ही काढली तर घट येते सातच्या आसपास. म्हणजे सुमारे सहा किलोकॅलरी त्या दोघांच्या एकमेकांशी असलेल्या नात्याच्या.

श्रायबर आणि फर्श्ट यांनी १९९५ मध्ये या जोडणीतल्या अनेक जोड्यांसाठी हे केलं. त्यांना असं दिसलं की सात अँग्स्ट्रॉमच्या आत असलेली रेसिड्यू साधारणपणे एकमेकांवर परिणाम करतात, आणि त्यापलीकडच्यांचे परिणाम नुसते बेरजेने मिळतात. भारित जोड्यांमधली जोड-ऊर्जा १.६ पासून ७ किलोकॅलरीपर्यंत पसरलेली होती. एकाच प्रकारच्या संपर्काची किंमत चौपटीहून जास्त बदलते, हे नुसत्या अंतरावरून कधीच कळलं नसतं.

यावर त्याने जे विचारलं ते मला फार आवडलं. "मग अ‍ॅस्पार्टेट ३९ च्या चारही जोड्यांच्या ऊर्जा मिळवल्या तर?" लायसिन, दोन आर्जिनिनं आणि हिस्टिडिन, प्रत्येकाशी पाच ते सात किलोकॅलरींच्या घरात. बेरीज विसाच्या पुढे जाते. आणि अख्ख्या संकुलाची पकड आहे १९. एका रेसिड्यूच्या चार संपर्कांची बेरीज पूर्ण पकडीहून जास्त, आणि तेच रेसिड्यू काढल्यावर प्रत्यक्षात जातात ७.७. म्हणजे या ऊर्जा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि 'दर संपर्कामागे इतकी ऊर्जा' असा भाव ठरवून यादीची बेरीज करता येत नाही. हे त्याला मी सांगण्याआधी त्याच्या स्वतःच्या बेरजेने सांगितलं.

बदललेला तक्ता

नव्या तक्त्यात संपर्कांची एकच संख्या ठेवली नाही. प्रत्येक रेसिड्यूपुढे हे आलं: संपर्काचा प्रकार, तीनपैकी किती प्रतींत दिसला, जोडणी झाल्यावर त्याचं किती पृष्ठफळ पाण्यापासून झाकलं गेलं, आणि विरुद्ध भाराचे किती जोडीदार एकाच वेळी त्याला धरून आहेत. पृष्ठफळासाठी १.४ अँग्स्ट्रॉम त्रिज्येचा, म्हणजे पाण्याच्या रेणूएवढा, गोळा पृष्ठभागावर फिरवण्याची श्रेक आणि रप्ली यांची १९७३ ची पद्धत वापरली. आधी सुट्या साखळ्यांवर, मग संकुलावर, आणि दोन्हींतला फरक घेतला.

जोडीदारांच्या रकान्यात अ‍ॅस्पार्टेट ३९ लगेच वेगळं दिसलं. ग्लूटामेट ७६ आणि अ‍ॅस्पार्टेट ३५ या रकान्यात सारखीच, दोघांचा भारित जोडीदार आर्जिनिन ५९. त्यांच्यातला फरक कडेला असणं आणि आत असणं यात शोधावा लागतो. हा तक्ता किलोकॅलरी सांगत नाही. कुठला बदल पकड मोडेल, कुठला सैल करेल आणि कुठल्याने फारसं काही होणार नाही, अशा तीन गटांत वाटणी मात्र तो नुसत्या संख्येपेक्षा पुष्कळच बरी करतो.

एक गोष्ट या तक्त्याच्या आवाक्याबाहेर राहिली आणि ती त्याला लेखी देऊन ठेवली. बार्स्टारवर एकूण भार उणे सहा आणि बार्नेजवर अधिक दोन. दोन्ही प्रथिनं दुरूनच एकमेकांकडे ओढली जातात, आणि द्रावणात मीठ वाढवलं की त्यांची जुळण्याची गती मंदावते. जोडणीच्या बाहेरचं, समोरच्या कुठल्याही अणूला न टेकणारं भारित रेसिड्यूही या गतीत भाग घेतं. संपर्काची व्याख्या कितीही सुधारली तरी ते यादीत येणार नाही. त्याच्या जोडीत जुळण्याची गती महत्त्वाची ठरली तर भारांचं गणित वेगळं करावं लागेल.

दुसरं पाणी. बार्नेज आणि बार्स्टारच्या मधे पाण्याचे रेणू अडकलेले आहेत. त्यातले काही एका हाताने इकडचं, एका हाताने तिकडचं टोक धरतात. आधीच्या पाच अँग्स्ट्रॉमच्या यादीत ते थेट संपर्कांच्या वेषात लपले होते. आता त्यांची वेगळी यादी झाली: ज्या पाण्याचा ऑक्सिजन दोन्ही साखळ्यांच्या ध्रुवीय अणूंपासून ३.५ अँग्स्ट्रॉमच्या आत आहे ते. इथे तीन प्रती पुन्हा कामाला आल्या. एका जोडीतला पाण्याचा रेणू दुसऱ्या दोन जोड्यांमध्येही त्याच जागी सापडतो का, हे तिन्ही संकुलं एकमेकांवर बसवून तपासता येतं. तिन्हींत जो दिसतो तो जोडणीचा भाग. एकातच दिसणाऱ्याला शिसपेन्सिलने लिहून ठेवलं.

पंधरवड्याने त्याने आपल्या जोडीचा तक्ता पाठवला. फाइलमध्ये दोन प्रती होत्या, त्याने दोन्ही मोजल्या. त्याची एक लायसिन, जिच्यावर पहिल्या यादीच्या आधारे त्याचा सगळा भर होता, रिमार्क ४७० मध्ये सापडली. तिचं टोक दिसलेलंच नव्हतं. पाच जागा उरल्या. त्यातल्या दोन समोरासमोरच्या होत्या, एक आर्जिनिन आणि एक ग्लूटामेट. त्या दोन्ही सुट्या बदलून आणि एकत्र बदलून पाहायचं त्याने ठरवलं आहे, आणि तक्त्यात शेवटी एक रकाना मोकळा सोडला आहे. त्याच्या मथळ्याला त्याने लिहिलं आहे: 'मोजलेली घट'.